मोजलेल्या तुकड्यांतून उमटलेला स्पंद

योहानेस म्युलर हे एकोणिसाव्या शतकातले जर्मनीतले अग्रगण्य शरीरक्रियाशास्त्रज्ञ. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे माणसाला कधी मोजता येईल, असे त्यांना वाटत नव्हते. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली ते मोजून दाखवले. बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू त्यांनी घेतला. तंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांबवर विजेचा झटका दिला. स्नायू आखडायला दोन्ही वेळा किती अवधी लागला यातला फरक काढला आणि त्यावरून वेग ठरवला. तो आला सेकंदाला सुमारे २७ मीटर. तारेतल्या विजेच्या मानाने हा वेग इतका कमी होता, की मज्जातंतूत वीज तारेसारखी वाहत नाही, तिथे काहीतरी निराळेच घडते, हे त्या एका आकड्यावरूनच उघड झाले.

पण काय घडते? आणि वेग २७ च्याच आसपास का, २ किंवा २०० का नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढची शंभर वर्षे गेली. एखादी गोष्ट मोजणे हे एक काम. ती तशीच का असायला हवी, हे दुसऱ्याच मोजमापांवरून गणिताने काढून दाखवणे हे त्याहून फार मोठे काम. सजीव शरीराच्या बाबतीत हे दुसरे काम पहिल्यांदा इतक्या नेमकेपणाने साधले ते १९५१-५२ मध्ये, केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांना. शरीरातल्या घडामोडींची गणिती मॉडेल आज शेकड्यांनी तयार होतात. त्यांतल्या कशावर विश्वास ठेवायचा आणि किती, हे ठरवताना या दोघांनी घालून दिलेला धडा अजूनही सगळ्यात उपयोगी आहे.

बर्नस्टाइन यांचा अंदाज

पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन भरपूर असतात आणि बाहेरच्या द्रवात सोडियमचे. दोन्हींवर धन विद्युतभार असतो. या दोन द्रवांमध्ये एक अतिशय पातळ पटल असते. १९०२ साली जर्मनीतल्या युलियस बर्नस्टाइन यांनी अंदाज मांडला, की तंतू शांत असताना हे पटल फक्त पोटॅशियमला वाट देते. थोडे पोटॅशियम बाहेर झिरपते, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण होते. संदेश, म्हणजे विजेचा स्पंद, येतो तेव्हा पटलाची ही निवड क्षणभर संपते, सगळेच आयन ये-जा करू लागतात आणि आतबाहेरचा फरक नाहीसा होतो.

या मांडणीतून एक ठाम भाकीत निघत होते. स्पंदाच्या वेळी आतला विद्युतदाब चढत चढत शून्यापर्यंत येईल, पण शून्याच्या वर जाणार नाही. खरेखोटे करायचे तर तंतूच्या आत शिरून दाब मोजायला हवा होता. माणसाचे जाडात जाड मज्जातंतूही मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे असतात. त्या काळात त्यांच्या आत काही घालण्याचा विचारही शक्य नव्हता. त्यामुळे बर्नस्टाइन यांचा अंदाज पाठ्यपुस्तकांत गेला आणि तिथेच मुक्काम करून राहिला.

वाट मोकळी केली ती समुद्राने. स्क्विड, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मिळणारे माकूल, संकट आले की अंगातले पाणी जोराने बाहेर फेकून उलट दिशेला निसटते. त्यासाठी त्याच्या शरीराचा सगळा स्नायू एका झटक्यात आखडावा लागतो आणि तो हुकूम पोहोचवणारा तंतू चांगलाच जाड असतो, अर्धा ते एक मिलिमीटर. हा जाड धागा म्हणजे एकच मज्जातंतू आहे, ही गोष्ट ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये शास्त्रज्ञांच्या ध्यानात आणून दिली. मज्जातंतूवर काम करणाऱ्यांचे दिवस त्यानंतर पालटले. अमेरिकेत वूड्स होल इथे केनेथ कोल आणि हॉवर्ड कर्टिस यांनी दाखवले, की स्पंद जात असताना पटलाची वाहकता सुमारे चाळीस पटींनी वाढते. पटल काहीतरी वाट उघडते हे बर्नस्टाइन यांचे म्हणणे इथवर खरे ठरत होते.

प्लिमथ, ऑगस्ट १९३९

हॉजकिन १९३८ मध्ये वूड्स होलला जाऊन हे काम पाहून आले होते. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः माकुलावर काम सुरू केले आणि मदतीला केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला विद्यार्थी बोलावला. हाच अँड्र्यू हक्स्ली. वय २१. डार्विन यांची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या टी. एच. हक्स्ली यांचा नातू. भौतिकशास्त्राची ओढ असलेला, लेथवर स्वतःची उपकरणे घडवणारा.

हॉजकिन यांनी हक्स्ली यांना आधी एक वेगळेच काम दिले होते. तंतूच्या आतला द्रव किती दाट आहे हे पाहण्यासाठी कापलेल्या तंतूत पाऱ्याचा थेंब सोडायचा आणि तो किती वेगाने खाली जातो ते मोजायचे. थेंब खाली गेलाच नाही. आतला पदार्थ द्रव नव्हता, घट्ट जेलीसारखा होता. पण तंतू असा उभा टांगता येतो, तर त्यात वरून बारीक नळी का घालू नये? त्यांनी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी काचेची नळी घेतली, तीत खारे पाणी आणि विद्युतअग्र बसवले आणि ती तंतूत सरकवायला सुरुवात केली. नळी कडेला घासली की पटल फाटणार आणि तंतू मरणार. हक्स्ली यांनी आरसे असे लावले, की नळी समोरून आणि बाजूने एकाच वेळी दिसावी. त्या दोन प्रतिमांकडे पाहत नळी बरोबर मध्यातून खाली नेता येऊ लागली.

पडद्यावर जे दिसले ते बर्नस्टाइन यांच्या अंदाजात बसत नव्हते. शांत तंतूच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ४५ मिलिव्होल्टनी खाली होता, इथवर ठीक. स्पंद आला तेव्हा तो शून्यावर थांबला नाही. शून्य ओलांडून सुमारे ४० मिलिव्होल्ट वर गेला आणि मग खाली आला. पटल नुसते सैल पडत असते तर हे घडणे शक्य नव्हते. काहीतरी दाबाला शून्याच्या पलीकडे ओढत होते.

या शोधानंतर साधारण तीन आठवड्यांत हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये घुसले. दोघांनी गाशा गुंडाळला. 'नेचर'मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले, त्यात निरीक्षण होते, खुलासा नव्हता. हॉजकिन विमानात बसवायच्या रडारवर काम करू लागले. हक्स्ली विमानविरोधी आणि पुढे नौदलाच्या तोफांच्या माऱ्याचा अभ्यास करणाऱ्या गटात गेले. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात प्लिमथच्या प्रयोगशाळेचेही नुकसान झाले. १९४५ मध्ये त्यांनी तपशीलवार निबंध लिहिला तेव्हा त्या जास्तीच्या ४० मिलिव्होल्टची चार संभाव्य कारणे सुचवली. चारही चुकीची निघाली.

सोडियमचा शोध

खरे कारण तसे जवळच होते. समुद्राच्या पाण्यात आणि आपल्या रक्तद्रवात सोडियम मुबलक असते. स्पंदाच्या वेळी पटलाने खास सोडियमलाच वाट दिली, तर ते आत घुसेल आणि आतली बाजू धन करून टाकेल. तसे असेल तर बाहेरचे सोडियम कमी केल्यावर स्पंदाची उंचीही कमी व्हायला हवी. १९४७ मध्ये हॉजकिन यांनी बर्नार्ड कात्झ यांच्यासोबत नेमके हेच तपासले. कात्झ हे लाइपझिगचे ज्यू तरुण, नाझींच्या राज्यातून निसटून १९३५ मध्ये लंडनला आलेले. सोडियम कमी केले की स्पंद बुटका होत होता, आणि किती बुटका होईल हे आधी सांगता येत होते. १९४९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

आता चित्र तयार झाले. आधी सोडियम आत येते, दाब चढतो. मग पोटॅशियम बाहेर जाते, दाब उतरतो. इथे थांबले असते तरी कुणी नावे ठेवली नसती. गोष्ट पटण्यासारखी होती. पण पटण्यासारखी गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतले अंतर या दोघांना अस्वस्थ करत होते. किती सोडियम, किती वेळात, कोणत्या दाबाला? आणि एवढ्यानेच स्पंद उठतो का, की आणखी काही लागते?

इथे एक अवघड गाठ होती. दाब वाढला की सोडियमची वाट उघडते. वाट उघडली की सोडियम आत येते आणि दाब आणखी वाढतो. त्यामुळे वाट आणखी उघडते. उताराला लागलेल्या गाडीसारखे हे सगळे एक हजारांश सेकंदात घडून जाते. त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे काढताच येत नाही.

ही गाठ सोडवणारी कल्पना अमेरिकेत कोल आणि जॉर्ज मार्मोंट यांनी १९४७ मध्ये अमलात आणली. तिला पुढे व्होल्टेज क्लॅम्प हे नाव पडले. तंतूच्या आत दोन तारा घालायच्या. एक तार दाब मोजते. तो ठरवलेल्या आकड्यापासून जरा हलला, की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दुसऱ्या तारेतून लागेल तेवढा प्रवाह सोडून त्याला जागेवर आणते. दाब असा जखडला की ते चक्र तुटते. आणि दाब जागेवर ठेवायला जेवढा प्रवाह सोडावा लागला, तेवढाच पटलातून आयनांनी वाहून नेला, असा हिशेब लागतो. युद्धात इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेल्या हॉजकिन आणि हक्स्ली यांनी बारीक काचेच्या कांडीवर चांदीच्या दोन तारा गुंडाळून आपले उपकरण तयार केले.

पुढच्या निबंधांसाठी लागलेली बहुतेक मोजमापे १९४९ च्या उन्हाळ्यात, जेमतेम महिनाभरात झाली. एक उदाहरण पाहू. दाब एकदम ५६ मिलिव्होल्टनी वर नेऊन तिथे जखडला, की आधी थोडा वेळ प्रवाह आत जाताना दिसतो, मग दिशा पालटून तो बाहेर पडू लागतो आणि तसाच टिकतो. आता बाहेरच्या समुद्रपाण्यातले ९० टक्के सोडियम काढून त्या जागी कोलीन घातले. कोलीनवरही धन भार असतो, पण त्याला पटलातून जाता येत नाही. लगेच आत जाणारा भाग नाहीसा झाला, बाहेर पडणारा भाग राहिला. राहिला तो पोटॅशियमचा. आधीच्या आलेखातून तो वजा केला की हाती येतो तो सोडियमचा. असे एकामागून एक, वेगवेगळ्या दाबांना, वेगवेगळ्या तंतूंवर.

त्यातून दोन गोष्टी ठळक झाल्या. पोटॅशियमची वाट सावकाश उघडते. सुरुवातीला अडखळते, मग वेग घेते, आणि दाब टिकला तर उघडीच राहते. सोडियमची वाट झटकन उघडते, पण दाब तसाच जखडून ठेवला तरी आपोआप मिटते.

चार वेळा गुणलेली एक संख्या

आता हे आलेख समीकरणात बांधायचे होते. सोडियमला पटलातून उचलून नेणारा एखादा वाहक रेणू असेल, ही कल्पना त्यांनी आधी धरली होती. मोजमापे तिच्यात बसेनात, तेव्हा ती सोडून दिली. पटलात नेमके काय आहे याचा आग्रह सोडला आणि वाहकतेचे वागणे तेवढे अचूक लिहायचे ठरवले.

पोटॅशियमच्या वाटेचे उदाहरण घेतो. समजा वाट उघडायला चार कण एकाच वेळी योग्य जागी असावे लागतात. एक कण योग्य जागी असण्याची शक्यता एन मानू. मग चारही असण्याची शक्यता म्हणजे एन चार वेळा गुणून येणारी संख्या. एन ०.१ असेल तर गुणाकार येतो ०.०००१, म्हणजे वाट जवळजवळ बंद. ०.५ झाला तरी जेमतेम ०.०६. मात्र ०.९ झाला की ०.६६. एन एकसारख्या सरळ चालीने वाढत असला, तरी वाट आधी अडखळते आणि मग भराभर उघडते. आलेखात दिसली होती ती हीच चाल. सोडियमसाठी त्यांनी तीन उघडणारे कण घेतले, त्यांना एम म्हटले, आणि एक मिटवणारा कण घेतला, एच. प्रत्येक कण कोणत्या दाबाला किती वेगाने जागा बदलतो, ते क्लॅम्पच्या आलेखांवरून ठरवले.

चारऐवजी पाच किंवा सहा कण धरले असते तर आलेख आणखी बरा जुळला असता, हे त्यांनी निबंधात स्वतःच नोंदवले आहे. पण तेवढ्या फायद्यासाठी गुंता वाढवणे त्यांना योग्य वाटले नाही.

आता या कामातला सगळ्यात मोलाचा मुद्दा. क्लॅम्पखाली दाब जखडलेला असतो, म्हणून तिथे स्पंद उठतच नाही. ज्या मोजमापांवरून समीकरणे बांधली, त्यांत स्पंदाचा मागमूसही नव्हता. त्याची उंची, त्याचा आकार, त्याचा वेग यांतले काहीही समीकरणांत आधी घातलेले नव्हते. आता क्लॅम्प कागदावरच सोडायचा, दाबाला मोकळे करायचे, आणि पाहायचे की या सुट्या तुकड्यांतून स्पंद आपोआप उभा राहतो का. राहिला तर सोडियम आणि पोटॅशियम एवढ्यानेच काम भागते असे म्हणता येईल. नाही राहिला तर निसर्गात असे काही आहे जे त्यांच्या मोजणीतून सुटले आहे. निकाल कोणत्याही बाजूने लागू शकत होता, आणि हे त्यांना ठाऊक होते.

ब्रुन्सविगाची मूठ

समीकरणे कागदावर सोडवून संपणारी नव्हती. वेळेचे बारीक तुकडे करून एकेक पाऊल पुढे मोजत जाणे एवढाच मार्ग होता. केंब्रिजमध्ये एड्सॅक हा जगातल्या पहिल्या संगणकांपैकी एक १९४९ पासून चालू होता, आणि काम त्याच्यावर करायचे ठरले होते. पण १९५१ च्या सुरुवातीला कळले, की मोठ्या दुरुस्तीसाठी तो सहा महिने बंद राहणार आहे. हक्स्ली यांनी थांबायचे नाही असे ठरवले आणि ब्रुन्सविगा हे हाताने फिरवायचे गणनयंत्र पुढे ओढले.

या यंत्रात आकडे छोट्या खटक्यांनी लावतात आणि बाजूची मूठ फिरवतात. एक फेरा म्हणजे एक बेरीज. ३७ ने गुणायचे तर सात फेरे द्यायचे, वरचा सरकता भाग एक घर हलवायचा आणि तीन फेरे द्यायचे. भागाकाराला उलटे फेरे द्यायचे. वजाबाकी जास्त झाली की घंटी वाजते, मग एक फेरा परत. अशा यंत्रावर हक्स्ली यांनी पावलापावलाने स्पंद मोजला. या क्षणी दाब किती, त्यावरून कणांचा वेग किती, त्यावरून नवे एन, एम आणि एच किती, त्यांचे गुणाकार, त्यावरून दोन्ही प्रवाह, त्यांची बेरीज, आणि तिच्यावरून पुढच्या क्षणीचा दाब. ताळा जुळला नाही तर तेच पाऊल पुन्हा.

सगळ्यात खडतर होता तंतूवरून पुढे सरकणारा स्पंद. तिथे वेग आधी अंदाजाने धरावा लागे. अंदाज एका बाजूला चुकला तर मोजता मोजता दाब वर वर जात बेफाम होई, दुसऱ्या बाजूला चुकला तर खाली कोसळे. मग नवा अंदाज, नव्याने सुरुवात. बरोबर वेग तोच, ज्याने दाब चढून, उतरून पुन्हा मूळ जागी येतो. एका सरकत्या स्पंदाच्या गणिताला सुमारे तीन आठवडे लागले.

स्पंद उभा राहिला. शून्याच्या पलीकडे चढला, उतरला, मूळ पातळीच्याही जरा खाली जाऊन परत आला, खऱ्या तंतूत येतो तसाच. गणिताने दिलेला वेग होता सेकंदाला १८.८ मीटर. त्याच तापमानाला, म्हणजे १८.५ अंश सेल्सिअसला, खऱ्या तंतूत मोजलेला वेग होता २१.२. फरक साधारण ११ टक्के. ज्या मोजमापांत वेगाचा उल्लेखही नाही, त्यांतून वेग इतका जवळ यावा, ही जीवशास्त्राच्या इतिहासातली असामान्य गोष्ट आहे. शिवाय आणखी बरेच काही न मागता हाती आले. झटका एका मर्यादेपेक्षा कमी असेल तर स्पंद विझतो आणि जरा जास्त असेल तर पूर्ण उंचीचा उठतो, हे आले. एका स्पंदानंतर काही काळ दुसरा उठत नाही, कारण सोडियमची मिटलेली वाट अजून सावरलेली नसते, हेही आले.

१९५२ मध्ये 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त पाच निबंध प्रसिद्ध झाले, त्यांतला पहिला कात्झ यांच्यासह. समीकरणे पाचव्यात आहेत. आणि त्यातच लेखकांनी बजावले आहे, की गणित जुळले म्हणून पटलात हे कण खरोखरच आहेत असे कुणी समजू नये, हे वर्णन आहे. १९६३ मध्ये जॉन एकल्स यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्णनालाच वस्तुस्थिती समजू नका, हा इशारा किती रास्त होता हे पुढे दिसले. वाट उघडताना भारित कण हलत असतील तर तेवढा सूक्ष्म प्रवाह दिसायला हवा, असे त्यांच्या मांडणीतून निघत होते. १९७३ मध्ये क्ले आर्मस्ट्राँग आणि फ्रान्सिस्को बेझानिया यांनी तो मोजला. १९७६ मध्ये जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी एकेका वाटेतून जाणारा प्रवाह टिपला. वाट खरोखर होती, प्रथिनाची होती, आणि एकतर उघडी नाहीतर बंद असे तिचे वागणे होते. पोटॅशियमची वाट चार सारख्या घटकांची बनलेली निघाली, चार वेळा गुणलेल्या संख्येशी सुंदर जुळणारी. सोडियमच्या वाटेतही मात्र चारच भाग निघाले, समीकरणातले तीन नव्हेत. मोजलेल्या गोष्टींविषयी समीकरण खरे होते. न मोजलेल्या गोष्टींविषयी त्याच्या लेखकांनी शब्द दिलेलाच नव्हता.

माणसाच्या हृदयापर्यंत

माकुलाच्या तंतूचे हे गणित माणसाचे कसे? कारण यंत्रणा तीच. आपल्या मज्जातंतूंतही आधी सोडियम आत येते आणि दाब चढतो. दातांचे डॉक्टर हिरडीत लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात तेव्हा ते औषध सोडियमच्या याच वाटा अडवते. स्पंद उठत नाही, म्हणून कळ मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

हृदयाची गोष्ट मात्र वेगळी होती. मज्जातंतूतला स्पंद साधारण एक हजारांश सेकंदाचा, हृदयातला त्याच्या काही शे पट लांब. आणि हृदय कुणी झटका न देता आपल्या तालात धडधडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेनिस नोबल हे तरुण संशोधक कत्तलखान्यातून आणलेल्या मेंढ्यांच्या हृदयांवर काम करत होते. ऑटो हटर यांच्यासोबत त्यांना आढळले, की हृदयात पोटॅशियमची एक वाट उलटी वागते. दाब चढला की ती उघडण्याऐवजी आवळली जाते. हे घेऊन त्यांनी हॉजकिन-हक्स्ली समीकरणे हृदयासाठी नव्याने मांडली आणि लंडन विद्यापीठाच्या मर्क्युरी संगणकावर वेळ मागितला. संगणकवाल्यांनी विचारले, तुमच्या समीकरणांत ताल निर्माण करणारा भाग कुठे आहे? असा भाग नव्हताच. अखेर त्यांना मिळाली ती पहाटे दोन ते चारची वेळ. संगणकातून ताल निघाला, कुठल्याही एका भागातून नव्हे, सगळ्यांच्या देवाणघेवाणीतून. १९६० मध्ये 'नेचर'ने हे काम छापले.

या मॉडेलमध्येही चुका होत्या. हृदयाच्या पेशीत कॅल्शियमचाही प्रवाह असतो हे तेव्हा माहीत नव्हते. तो पुढे सापडला, आणि समीकरणांत सोडियमवर टाकलेला बोजा त्याच्याकडे गेला. ताल राखणाऱ्या प्रवाहाचा अर्थही नंतर बदलावा लागला. प्रत्येक वेळी मॉडेल जिथे अडले, तिथेच पुढचा प्रयोग करण्याची जागा सापडली.

या सगळ्याचा रुग्णांशी थेट संबंध आला तो औषधांमुळे. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे लोकप्रिय औषध काही रुग्णांच्या हृदयाचा ताल बिघडवत होते. हर्ग नावाची पोटॅशियमची वाट ते अडवते, त्यामुळे स्पंद लांबतो आणि क्वचित जीवघेणी लय सुरू होते. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. मग प्रत्येक नवे औषध हर्ग अडवते का, हे पाहायची पद्धत पडली. पण एवढीच कसोटी लावली तर चांगली औषधेही बाद होतात. व्हेरापामिल हर्ग अडवते, तरीही त्या बाबतीत सुरक्षित आहे, कारण ते कॅल्शियमचा प्रवाहही अडवते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना सावरतात. अशा उलटसुलट परिणामांचा जमाखर्च डोक्यात मांडता येत नाही. तो मांडायला मानवी हृदयपेशीची समीकरणे लागतात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इतर संस्थांसह जो नवा उपक्रम हाती घेतला, त्यात औषधाचा प्रत्येक प्रवाहावरचा परिणाम वेगवेगळा मोजून तो अशा संगणकी पेशीत घालतात आणि धोका ठरवतात. तुकडे सुटे मोजा, मग ते एकत्र आले की काय होते ते गणिताला विचारा. प्लिमथची पद्धत जशीच्या तशी.

कसोटीचा प्रश्न

आज रुग्णाच्या हृदयाची, यकृताची, गाठीची संगणकी प्रतिकृती करून उपचार ठरवण्याच्या गोष्टी रोज ऐकू येतात. त्यांतल्या काही खऱ्या ठरतील आणि माणसे वाचवतील, यात मला शंका नाही. पण रंगीत, धडधडणारे चित्र पाहून भारावून जाण्याआधी डॉक्टरने, विद्यार्थ्याने आणि रुग्णानेही विचारावेत असे दोन साधे प्रश्न हॉजकिन आणि हक्स्ली यांनी आपल्याला दिले आहेत. यातले कोणते आकडे स्वतंत्रपणे मोजले आहेत आणि कोणते उत्तर जुळावे म्हणून बसवले आहेत? आणि हे मॉडेल चूक आहे असे कोणत्या निरीक्षणाने म्हणता येईल? पहिल्याचे उत्तर मिळत नसेल तर ते मॉडेल आपल्यालाच माहीत असलेली गोष्ट आपल्याला परत सांगते आहे. दुसऱ्याचे मिळत नसेल तर त्यातून नवे काही कळण्याची आशाच नाही.

हक्स्ली यांच्या तीन आठवड्यांचे काम आज साधा लॅपटॉप डोळ्याचे पाते लवायच्या आत करतो. गणना आता स्वस्त झाली आहे. महाग राहिले आहे ते मोजमाप, आणि मोजले नाही त्याविषयी गप्प राहण्याचा प्रामाणिकपणा. शरीराच्या गणिताला पुढेही त्याच दोन गोष्टी लागणार आहेत.